माडावर बांधलेली मजुरी

माझा बाबा कामाला ठेवलेल्या माणसाची पहिली मजुरी त्याच्या हातावर ठेवत नसे. ती तो माडावर नेऊन बांधायचा. हे सांगितलं की माझ्या नातवंडांना वाटतं, आजी काहीतरी रचून सांगतेय. रचायची मला गरज नाही, जे घडलं तेच पुरून उरेल एवढं आहे. ही रीत आमच्या आज्याने घातली. खाडीकाठच्या दुसऱ्या कुठल्या घरात ती नव्हती, फक्त आमच्यात होती. दिवाळी झाली की शिकायला आलेला गडी आमच्याकडे राहायला यायचा. त्याला दोन वेळचं जेवण, अंगाला एक सदरा, आणि महिन्याचे जे पैसे ठरतील ते आई मिठाच्या बरणीमागच्या पत्र्याच्या डब्यात टाकत जायची. शिमग्याच्या आदल्या दिवशी बाबा ते सगळे पैसे लाल फडक्यात गुंडाळून अंगणाच्या टोकाच्या थोरल्या माडाच्या शेंड्यात कुठेतरी लपवून यायचा. बांधताना कुणी बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी गड्याने चार माणसांसमोर एकट्याने चढायचं, झाड साफ करायचं आणि साफ करता करता आपली मजुरी शोधून खाली आणायची. शेंड्यातली एकेक झावळी हाताखालून घातल्याशिवाय ते फडकं सापडत नसे, आणि एकेक झावळी हाताखालून घालणं हेच तर आमचं काम. फडकं सापडलं की त्या दिवसापासून तो पाडेली, म्हणजे माडावरचा पक्का माणूस. फडकं हातातून सुटून जमिनीवर पडलं, तर पैसे त्याचेच, ते कुणी काढून घेत नसे, पण नाव मिळत नसे. आणखी एक साल शिकाऊ म्हणून राहायचं.

गाव आम्हाला झाडवाले म्हणायचं. बाकीची घरं भातशेतीची नाहीतर मिठागरावरची. आमच्याकडे एक लहानसं खाचर होतं ते नावापुरतं, खरं पोट झाडांवर. बाबा नारळ पाडायचा हे खरं, पण नुसता पाडायचा नाही. माडाच्या शेंड्यात भुंगा शिरला की तारेच्या आकड्याने तो बाहेर ओढायचा आणि त्या भोकात खडं मीठ, राख आणि वाळू ठासून भरायचा. आंब्यावरचं बांडगूळ मुळासकट काढायचा. कौलांवर आलेली फांदी अशी उतरवायचा की एक कौल फुटत नसे, आणि कापलेल्या जागेवर डांबर लावून मगच खाली यायचा. दुसरे चढणारे चढायला सोपं जावं म्हणून माडाच्या खोडात खाचा पाडतात. बाबाला त्याचा भयंकर राग. म्हणायचा, "तुज्या पायाला कोनी खाच पाडली तर चालंल का?" तो पायात काथ्याचा फास अडकवून चढे. म्हणून पनवेलचे बागायतदार त्याला बोलावत, होडीने पार न्हावा आणि शेव्यापर्यंतच्या वाड्यांतून त्याला निरोप येत. आज तिथे बंदर आहे, मालाच्या लोखंडी पेट्या एकावर एक रचलेल्या दिसतात. त्या जागी मी बाबाबरोबर झावळ्या गोळा केल्यात, हे सांगून पटत नाही कुणाला.

मी बाबाबरोबर जायची ते दोर धरायला आणि पडलेलं गोळा करायला. शाळा होती चौथीपर्यंत, पण मास्तर आठवड्यातून दोन दिवस उगवत, त्यामुळे वेळच वेळ. त्या वर्षी गणपती गेल्यानंतर एका वाडीत बाबा माडावर चढला आणि दहा-बारा हातांवर थांबला. मला वाटलं फास सैल झाला असेल. पण त्याने खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारली होती आणि डोळे गच्च मिटले होते. मी हाक मारली. मग हळूहळू, वीतवीत करत खाली आला आणि बुंध्याशी बसला. त्याच्या ओठांवर घाम होता. "मथे," तो म्हणाला, "सगलं फिरतंय. खाली बगितलं की सगलं फिरतंय." पुन्हा चढला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चढला नाही. मालकाला सांगितलं, झाडं अजून ओली हायत, आठ दिवसांनी येतो. घरी येताना बांधावर मला थांबवलं आणि म्हणाला, "आयेला बोलू नको. कोनालाच बोलू नको." मी बारा वर्षांची होते. बारा वर्षांच्या मुलीच्या पोटात एवढी गोष्ट कशी राहणार? पण राहिली. जेवताना घास गिळवत नसे, आई विचारायची, पोरी तुला काय दृष्टबिष्ट लागली का, आणि मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकायची.

गडी ठेवायचा तो दर दोन-तीन सालांनी, काम वाढलं तर. त्या वर्षी मात्र बाबाला गडी हवाच होता, आणि का हवा होता ते मला एकटीला माहीत होतं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मिठागराच्या बाजूच्या गावातून चांगुणा म्हणून एक बाई आपल्या पोराला घेऊन आली. पोर कसलं, एकोणीस-वीस वर्षांचा बाप्या होता, बाळाराम. बाप मिठागरावर राबून राबून गेलेला. पोराला मिठाच्या चरचरीत पाण्यात पाय घालून उभं राहायला लावायचं नाही, एवढं तिने मनाशी धरलेलं. ती ओटीवर बसली आणि पाणीसुद्धा घ्यायच्या आधी म्हणाली, "गोमादादा, काय देशील ते पहिलं बोल."

"दोन टायमाचं जेवान. एक सदरा. महिन्याचे धा रुपये, शिमग्याला एकदम. आन् तो जेवढी झाडं एकटा चढंल, झाडामागं एक नारल त्याचा, रोजच्या रोज. चढनाऱ्याचा नारल कोनी ठेवून घेत नाय आमच्यात."

"धा रुपये थोडे हायत."

"शिकनाऱ्याला कोनी येवढे पन देत नाय."

चांगुणाने पोराकडे बघितलं, मग थोरल्या माडाकडे बघितलं. मान मागे करून करून तिचा पदर खांद्यावर घसरला. "आन् पडला तर?" तिने विचारलं.

 आधीच्या गड्यांच्या आयांनीही हे विचारलेलं असणार आणि बाबाकडे त्याचं ठरलेलं उत्तर असणार. पण त्या दिवशी त्याच्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं ते मला समजत होतं. "माज्या सांगन्यापरमानं चढला तर पडनार नाय," तो म्हणाला, आणि मग, "पडला तर जल्मभर माज्या घरी जेवंल." चांगुणाने पाणी घेतलं. व्यवहार झाला.

बाळाराम जेवायला बसला की आईची तारांबळ. तांदळाच्या चार भाकऱ्या त्याला सुरुवातीलाच लागत, मग भात. जवळ्याचं सुकं, वांगं घातलेलं बोंबलाचं कालवण, कधी खाडीतल्या निवट्या, जे असेल ते तो खाली मान घालून संपवायचा आणि ताट असं पुसायचा की आई म्हणे, धुवायचं काय ठेवलंस रे. तो हसायचा नाही फारसा, पण आईने टोमणा मारला की कान लाल होत. सकाळी बाबा त्याला घेऊन निघायचा, मागून मी. आणि आता एक नवीनच गोष्ट सुरू झाली. आधीच्या गड्यांना बाबा स्वतः चढून दाखवायचा. बाळारामला तो जमिनीवर उभा राहून नुसता तोंडाने शिकवू लागला. "डावा वर. फास वडून घे. छाती खोडाला लावू नको, सोलून निगंल. आता उजवा. खाली बगू नको, आकाशात पन बगू नको, खोडाकडं बग." दिवसभर त्याचा आवाज चाले. लोक म्हणत, गोमाने यंदा गड्याला चांगलाच धरलाय. बाबा म्हणायचा, दाखवून शिकलेला माणूस नक्कल करतो, ऐकून शिकलेला डोकं वापरतो. लोकांना ते पटायचं. मला मात्र त्याचं हे बोलणं ऐकवत नसे, कारण बाबाला खोटं बोलताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

शेंड्याशी पोचल्यावरचं शिक्षण वेगळं. तिथे बाबा दोन गोष्टी रोज, न चुकता, ओरडून सांगायचा. पहिली, सुकी झावळी आधी पाडायची, कारण ती कधी डोक्यात येईल नेम नाही. दुसरी, कोयता चालवायच्या आधी झावळीच्या बुडाखालून हात फिरवायचा, तिथे गांधीलमाश्यांचं पोळं असतं, कधी साप असतो. ही दुसरी गोष्ट तो इतक्या वेळा सांगे की बाळाराम वैतागायचा. घरी भाकरी घेतानाही बाबा म्हणायचा, हात फिरवलास का आज, आणि बाळाराम भाकरीच्या खालून हात फिरवून दाखवायचा. आई तोंडाला पदर लावायची. चढायच्या सगळ्या खुणा अशा हवेतून येत होत्या आणि मला कान होते. तळ्याकाठी आमचा एक वाकडा माड होता, पाण्यावर झुकलेला. दुपारी आई झोपली की मी परकराचा काचा मारून, जुना फास घेऊन त्याच्यावर चढायला लागले. मुलींनी माडावर चढलं तर माड वांझ होतो, असं आमच्याकडे म्हणत. तो वाकडा माड पुढे तीस वर्षं धरत होता, शहर आलं तेव्हा धरता माड तोडला त्यांनी.

परवाच आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीत झाडं छाटायला माणसं आली होती. पिवळी टोपी, पट्टे, वर जाणारा पाळणा, सगळं साग्रसंगीत. एक पोरगा पाळण्यात उभा राहून यंत्राने सपासप फांद्या उडवत होता. मी खाली उतरून त्याच्या मुकादमाला विचारलं, "कापलेल्या जागी काही लावणार का?" तो म्हणाला, "टेन्शन घेऊ नका आजी, आपोआप सुकतं." मग मी विचारलं, त्या पोराला काय देता. तो माझ्याकडे असं बघायला लागला, जणू मी आयकर खात्यातून आलेय. सेक्रेटरी मला हात धरून घरी घेऊन आले. असो.

माघ संपत आला तेव्हा पनवेलहून बागवाले अण्णा आले. त्यांच्या दोन वाड्या, दीडशेच्या वर माड, आमच्या घरचं वर्षाचं निम्मं अन्न त्या वाड्यांतून यायचं. ओटीवर चहा घेताना ते बाबाला म्हणाले, "गोमा, दिवाळीनंतर तू वाडीत येतोस, पण झाडावर दिसत नाहीस. माझा माळी म्हणतो तू खालूनच ओरडतोस."

"गडी शिकतोय ना अण्णा."

"शिकू दे. पण अर्ध्या शिकलेल्याच्या हाती मी झाडं देणार नाही. शिमग्याला येतो. तुझा गडी पाडेली झाला तर बागेचं बोलू. नाहीतर उरणचा एक माणूस मागे लागलाय माझ्या." ते रागाने बोलले नाहीत, त्यांना आपल्या झाडांची काळजी होती. पण ते गेल्यावर बाबा बराच वेळ रिकामी कपबशी हातात धरून बसला होता. त्या दिवसापासून मी दिवस मोजू लागले. बाळाराम चढेल याची मला धास्ती नव्हती, तो आता सरसर चढत होता. धास्ती होती ती आदल्या दिवसाची. मजुरी वर कोण नेणार?

आदल्या दिवशी दुपारी बाबाने आईला आणि बाळारामला मिठागरावर धाडलं, माडांना भरायचं खडं मीठ आणायला. दोघं दिसेनाशी झाली तसा तो आत गेला, डबा काढला, चाळीस रुपये लाल फडक्यात बांधले आणि थोरल्या माडाशी आला. मी गोठ्याच्या आडून बघत होते. बघायचं नसतं हे माहीत असून बघत होते. त्याने पायात फास घातला आणि चढला. पाच हात, सात हात. मग ती मिठी.  मी धावत बुंध्याशी गेले आणि जे त्याच्याकडून ऐकलं होतं तेच त्याला सांगू लागले. "बाबा, खाली बगू नको. खोडाकडं बग. उजवा सोड. आता डावा." असा मी माझ्या बापाला सात हातांवरून खाली उतरवला. तो मातीत बसला आणि रडला. मी बाबाला रडताना बघितलं ते आयुष्यात तेवढंच, आणि मला इतकी भीती वाटली की माझ्याच्याने त्याच्या जवळ जाववेना.

"दुसऱ्या गावचा कोनी बोलवू का?" मी विचारलं.

"त्याच्या तोंडाला कुलूप कोन लावील? सांजपर्यंत पनवेलात जाईल बातमी."

"मग बालारामाच्या हातातच दे ना पैशे."

"आन् अण्णांना काय सांगू? बापाची रीत का मोडली म्हनून सांगू?" तो फडकं मुठीत घट्ट धरून बसला होता. मी ते त्याच्या मुठीतून ओढलं. तो नाही म्हणाला. मी सांगितलं, तळ्यावरच्या माडावर मी रोज चढते. त्याने माझ्याकडे बघितलं, मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण त्याने माझ्या पायांकडे बघितलं, पावलांवर फासाचे वळ होते. मग फास माझ्या मापाने आखूड केला, काचा स्वतः घट्ट ओढून बघितला आणि म्हणाला, "मी खालून बोलतो. मी बोलंन तेच कर, दुसरं काय नाय."

वाकडा माड वेगळा आणि सरळ माड वेगळा. वाकड्यावर माणूस थोडंफार पालथं पडून चढतं, सरळ खोडावर सगळा भार आपलाच. पंधरा हातांनंतर फास पावलांत रुतायला लागला. बाबाचा आवाज खालून येत होता, डावा, उजवा, पण तो आता लहान होत चालला होता, आणि त्या लहान आवाजातही त्याला वाटणारी भीती मला ऐकू येत होती. खोड डोलतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खालून बघताना ते कळत नाही. मी खोडाला कपाळ टेकून देवीचं नाव घेतलं आणि चढत राहिले. झावळ्यांशी पोचले तेव्हा कळलं की माझे हात पुरत नाहीत. शेंड्याच्या आत जायला वर ओढून घ्यावं लागतं, तेवढा जोर माझ्यात नव्हता. त्यातच मी बघू नये तिकडे बघितलं. खाडी दिसली, मिठाचे पांढरे ढीग दिसले, आणि बांधावरून डोक्यावर टोपल्या घेतलेली दोन माणसं परत येताना दिसली. आई आणि बाळाराम. मग मला काही सुचेना. हाताशी जी झावळी आली तिच्या बुडाला, खालच्या अंगाने, मी फडकं बांधलं आणि उतरायला लागले. तळवे सोलपटले, काच्याची एक बाजू फाटली. खाली आले तेव्हा बाबाने मला उचलून घेतलं, बारा वर्षांची घोडी झाले होते तरी उचललं, आणि गोठ्यामागे नेऊन माझ्या हातांना खोबरेल लावलं.

आई आणि बाळाराम मात्र जरा उशिराच आली. मला वाटलं बांधापासून इथवर यायला एवढा वेळ कसा लागला. पण सुटलो एवढंच मनात होतं. संध्याकाळी वारा सुटला. मी ओटीवर बसून थोरल्या माडाकडे बघत होते. सगळ्या हिरव्या झावळ्या वाऱ्याने वरखाली होत होत्या. एकच खाली लोंबत होती, तपकिरी. मी मजुरी सुक्या झावळीला बांधून आले होते. चार महिने रोज ऐकत होते की सुकी आधी पाडायची, आणि नेमकं तिलाच. बाळाराम वर गेला की पहिला कोयता तिच्यावर चालवणार, झावळी फडक्यासकट जमिनीवर, अण्णांच्या पायाशी. रात्रीत वाऱ्यानेच पडली तरी तेच. मी बाबाला बाजूला घेऊन सांगितलं. तो ऐकून घेत होता, माझ्यावर ओरडला नाही. पुन्हा चढून सोडवून आणते म्हटलं, तर म्हणाला, उजेड गेला आता, आणि माणसं जागी हायत. मग म्हणाला, "हात फिरवून कापील तो."

"आन् नाय फिरवला तर?"

"मंग मी नीट शिकवला नाय," बाबा म्हणाला.

सकाळी मी आधी झावळी बघितली. होती. होळीची लाकडं रचणारी पोरं, शेजारचे आठ-दहा बाप्ये, चांगुणा नवं लुगडं नेसून आलेली, आणि बैलगाडीतून उतरलेले अण्णा, सगळे अंगणात जमले. आईने माडाच्या बुंध्याशी हळदकुंकू वाहिलं. बाळाराम बाबाच्या पाया पडला, कमरेच्या मागे लाकडी आकडीत कोयता अडकवला आणि चढला. चांगुणा मान खाली घालून बसली होती, तिने वर बघितलंच नाही. मीही बघितलं नसतं, पण डोळे तिथून हलत नव्हते. तो शेंड्याखाली थांबला. सुकी झावळी त्याच्या अगदी तोंडासमोर. त्याने डावा हात खोडाभोवती घातला, उजव्याने कोयता काढला आणि उगारला. बाबा माझ्या शेजारी उभा होता. तो ओरडू शकला असता, चार महिने ओरडतच होता. पण त्या दिवशी खालून बोलायचं नसतं. त्याने माझा सोललेला हात इतका आवळला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

कोयता वरच राहिला. मग बाळारामने तो दातांत धरला आणि झावळीच्या बुडाखालून हात फिरवला. फिरवला आणि तिथेच ठेवला. किती वेळ तो तसा होता सांगता येत नाही, खाली कुणीतरी म्हणालं, माश्या हायत काय रे. तो आमच्याकडे पाठ करून काहीतरी करत राहिला, मग कमरेला काहीतरी खोचलं, आणि त्यानंतर कोयता चालला. सुकी झावळी खाली आली, तिच्या मागून दुसरी, सुके तुरे, जाळी, कचरा. झाड असं साफ केलं की अण्णा म्हणाले, वा. शेवटी दोन नारळ पडले आणि मागून तो उतरला.

त्याने सगळ्यांसमोर कमरेचं फडकं काढून बाबापुढे धरलं. मी फडक्याची गाठ बघितली. साधी, पाडेल्यांची असते तशी गाठ होती. मी तशी गाठ मारली नव्हती. घाईत माझ्या हातांना जी रोज सकाळी मारायची सवय होती तीच मी मारली होती, वेणीच्या रिबिनीचं फूल. म्हणजे त्याने ते वर सोडलं होतं आणि पुन्हा बांधलं होतं. त्याला सगळं कळलं होतं. चढणारा कुठलाही माणूस सुक्या झावळीला काही बांधत नाही, आणि रिबिनीचं फूल तर मुळीच नाही. आता हा काय बोलतो, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. अण्णा तिथे होते, सगळं गाव तिथे होतं, एका वाक्यात आमचं घर बसलं असतं.

"बरोबर ठेवलं हुतं, दादा," बाळाराम म्हणाला. "शोधायला लागलं."

मग त्याने जमिनीवरचे दोन नारळ उचलले. अण्णा हसून म्हणाले, "अरे, झाडामागे एक नारळ तुझा. दोन कसे?"

"या झाडावर दोन जनं चढली हायत अण्णा. काल आन् आज. एकेक दोगांना." लोकांना ते आवडलं, गुरूचा मान ठेवला म्हणून. बाबाच्या पाठीवर थापा पडल्या. अण्णांनी बागेचं तिथल्या तिथे ठरवलं. बाळारामने एक नारळ आपल्या आईच्या ओटीत घातला आणि दुसरा घेऊन तो बाबाकडे न जाता माझ्याकडे आला. "घरात ठेव," एवढंच म्हणाला आणि कान लाल करून चांगुणाला वाटेला लावायला गेला.

पुढे शिकून पंचवीस वर्षं मी शाळेत मुलांना शिकवलं आणि दर महिन्याला सही करून पगार घेतला. पण मजुरी म्हणून आठवतो तो हा नारळ. दुपारी माणसं पांगल्यावर आई जेवायला वाढत होती. बाबा पाटावर बसला, ताटाकडे बघत राहिला, मग ताट जरा पुढे सरकवून म्हणाला, "ऐक. मना वर नाय जमत आता. गणपतीपासून नाय जमत. सगलं फिरतं."

आई भाकरी थापत होती, तिचे हात थांबले नाहीत. "म्हाईत हाय मना," ती म्हणाली. "काल बांधावरून निला परकर दिसला शेंड्यात. पायात काटा मोडला म्हनून बसले खाली, बालारामाला वाटेकडं पाठ करून बसवला काटा काढायला. अर्धा तास काढत हुता, असंल तर सापडंल." तव्यावरची भाकरी तिने उलटली, फुगू दिली आणि बाबाच्या ताटात टाकली. "जेवा. आन् त्या पोरीला तिचा नारल फोडून द्या, सकालपासून मांडीवर घेऊन बसलीय."